नगाऱ्या गप्प बसला ती संध्याकाळ

एका गावाच्या खालच्या अंगाला एक तळं होतं. पावसाळ्यात ते बांधापर्यंत भरायचं, हिवाळ्यात निम्मं व्हायचं आणि उन्हाळ्यात इतकं आटायचं की गुरं त्याच्या मधून चालत पलीकडे जायची. माणसं म्हणायची, उन्हाळ्यात या तळ्यात काही नसतं. ते खरं नव्हतं. उन्हाळ्यातही त्या तळ्यात एक अख्खं गाव असायचं, पण ते जमिनीखाली असायचं.

ते गाव बेडकांचं होतं.

बेडकाकडे बघून पुष्कळांना वाटतं की हा आळशी प्राणी आहे. पावसात ओरडतो आणि बाकीचं वर्ष झोपा काढतो. पण बेडूक झोप आली म्हणून जमिनीत जात नाही. माणसाला थंडी वाजली तर तो घोंगडी घेतो, भूक लागली तर कणगीतलं धान्य काढतो. बेडकाजवळ घोंगडी नाही आणि कणगीही नाही. त्याचं जे काही आहे ते त्याच्या कातडीच्या आत आहे. म्हणून ऋतू बदलला की बेडूक स्वतःला बदलतो. हे सोपं काम नाही, आणि त्या तळ्यातल्या बेडकांना आपण ते करतो याचा फार अभिमान होता.

श्रावण-भाद्रपदात ते खायचे. किडे, नाकतोडे, गांडुळं, जे समोर येईल ते. खाल्लेलं अन्न त्यांच्या पोटात दोन्ही बाजूंना पिवळ्या चरबीच्या रूपात साठायचं. ती चरबी बोटांसारखी लांब लांब वाढायची, म्हणून ते तिला पिवळी बोटं म्हणायचे. थंडी पडली की ते हालचाल कमी करायचे, खाणंही कमी करायचे आणि त्या साठ्याला जपायचे. मग ऊन वाढलं, पाणी मागे सरलं की मागच्या पायांनी माती उकरत ते उलटे खाली जायचे. खाली गेल्यावर काळजाचा एक ठोका पडला की दुसऱ्याची वाट बघावी लागे, इतकं ते काळीज सावकाश चाले. श्वास ओल्या कातडीतून चाले. आतडं रिकाम्या पिशवीसारखं आक्रसून जाई. बाई रात्री चुलीतला निखारा राखेखाली झाकते, तो विझू देत नाही आणि पेटूही देत नाही, तसा बेडूक आपला जीव झाकून ठेवी. सगळा उन्हाळा तो त्या पिवळ्या बोटांवर काढी.

खाली जाण्याआधी त्यांच्यात एक रीत होती. तळ्यात एक म्हातारी बेडकी होती. तिला सगळे आत्या म्हणायचे. फाल्गुनात सगळे बेडूक एकेक करून आत्यापुढून जायचे आणि आत्या प्रत्येकाच्या पोटाला हात लावून बघायची. ज्याचं पोट भरलेलं, त्याने वरच्या मातीत राहायचं. ज्याचं पोट कमी, त्याने खूप खोल जायचं. यात मानापमान नव्हता. वरची माती उन्हाने तापते, आणि तापलेल्या मातीत साठा लवकर जळतो. खोल गेलं की गारवा असतो, तिथे थोडा साठाही पुरतो. ज्याच्याजवळ कमी आहे त्याला गार जागा द्यायची, एवढाच त्याचा अर्थ होता.

त्या तळ्यात नगाऱ्या नावाचा एक बेडूक होता. त्याचा गळा फुगला की नगाऱ्याएवढा होई, म्हणून त्याचं नाव तसं पडलं. पाऊस लागला की पहिली हाक तो द्यायचा आणि त्याच्यामागून सगळं तळं गाऊ लागायचं. त्याच्याआधी कुणी गात नसे.

तळ्यापासून थोड्या अंतरावर दगडाची एक जुनी, बंद पडलेली खाण होती. तिच्या तळाशी मुरूम साचला होता आणि तिथेही बेडूक राहायचे. खाणीच्या आणि तळ्याच्या बेडकांची कायमची चुरस होती. ज्या पाणवठ्यावरून वर्षाची पहिली हाक येईल, त्याचा त्या वर्षी मान. गेली काही वर्षं हा मान खाणीकडे जात होता. खाण दगडाची होती, पाणी जिरत नसे, चार सरी पडल्या की डबकं तयार होई आणि खाणीतला म्होरक्या ओरडायला मोकळा. त्या म्होरक्याला टोमणे मारायची सवय होती. तो हाक देऊन झाली की वर म्हणायचा, तळेकर, उठलात का, की अजून पांघरुणात आहात?

नगाऱ्याला हे फार लागायचं. त्या वर्षी तर त्याने सगळा पावसाळा खाणीकडे तोंड करून गाण्यात घालवला. म्होरक्याने एक हाक दिली की हा दोन द्यायचा. बाकीचे बेडूक गाऊन झालं की खायला जायचे, हा गातच राहायचा. गाण्याला फार लागतं. गळा फुगवायचा, पुन्हा रिकामा करायचा, पुन्हा फुगवायचा, यात जेवढं जळतं तेवढं बेडकाच्या उड्यांतही जळत नाही. पण नगाऱ्याला आपला आवाज लांबवर जातो याचाच आनंद होता.

फाल्गुनात तो आत्यापुढे आला. आत्याने त्याच्या पोटाला हात लावला, मग दुसऱ्या बाजूने लावला.

"गळा एवढा मोठा आणि पोटात काहीच नाही," ती म्हणाली. "बोटं कुठं गेली रे तुझी?"

"गाण्यात गेली, आत्या."

मागून कुणीतरी म्हणालं, गाण्यात नाही, खाणीतल्याला उत्तरं देण्यात गेली. सगळे हसले. नगाऱ्याही हसला, पण त्याला ते आवडलं नाही.

आत्या हसली नाही. तिने त्याला जवळ बसवून घेतलं आणि सांगितलं की यंदा त्याने सगळ्यांच्या खाली जायचं, पोटाला गारवा लागेपर्यंत खणायचं. त्याच्या पोटात एकदाच उठण्यापुरता साठा होता. झाकलेला जीव पुन्हा पेटवायला सरपण लागतं. एकदा पेटवला आणि वर पाणी नसलं, तर दुसऱ्यांदा पेटवायला त्याच्याजवळ काही उरणार नव्हतं.

"म्हणजे मी सगळ्यांत शेवटी वर येणार," नगाऱ्या म्हणाला.

"शेवटी येशील. पण येशील."

नगाऱ्या मान खाली घालून बसला. आत्याला त्याच्या मनातलं कळलं असावं. ती म्हणाली, "बाबा, तुला एक सांगते. ढग गडगडले म्हणून आम्ही उठत नाही. ओल पोटापर्यंत आली तर उठतो, नाहीतर तुझी हाक आली तर उठतो. ओल आली तरी आम्ही जरा थांबून बघतो. तुझी हाक आली की मात्र थांबत नाही."

नगाऱ्याने हो म्हटलं आणि तो आपल्या जागेकडे गेला.

त्याने खणायला सुरुवात केली. माती मऊ होती. थोडं खाली गेल्यावर त्याच्या मनात विचार आला. सगळ्यांच्या खाली आपण, म्हणजे ओल आपल्यापर्यंत सगळ्यांत शेवटी येणार. तोवर खाणीतल्याची हाक होऊन गेलेली असणार. यंदाही तो म्हणणार, तळेकर पांघरुणात आहेत. तळ्याचा गायक आपण, आणि आपल्यामुळेच तळ्याचा मान जाणार. एवढ्या थोड्या मातीने असा काय फरक पडतो?

तो तिथेच थांबला, भरल्या पोटाचे बेडूक बसतात त्याच्याही वर. पोटाला गारवा लागला नव्हता. उलट माती जरा कोमट लागत होती. त्याने पाय आवळून घेतले, डोळे मिटले आणि जीव झाकला.

मग ऊन वाढलं. तळ्याचा तळ पांढरा पडला, त्याला भेगा गेल्या. खोलवर आत्या होती, अंड्यांत सगळी बोटं संपवलेल्या बेडक्या होत्या, यंदाच शेपटी गळालेली पिल्लं होती. त्या सगळ्यांची काळजं गार मातीत सावकाश चालली होती. नगाऱ्याच्या आजूबाजूची माती मात्र रोज तापायची. तापली की त्याचं काळीज थोडं जोरात चाले. त्याला ते कळत नव्हतं, पण त्याच्या पोटातलं जे थोडं होतं ते दिवसेंदिवस जळत होतं.

चैत्रात एका दुपारी आभाळ भरून आलं. वारा सुटला, धूळ उडाली, आणि मोठमोठे थेंब पडू लागले. वळीव होता तो. थोडा वेळ जोरात पडला आणि निघून गेला.

खाली असलेल्या बाकीच्या बेडकांना वर काहीतरी दणदणतं आहे एवढंच जाणवलं. त्यांच्यापर्यंत ओल आली नाही. ते हलले नाहीत. नगाऱ्या मात्र वर होता. भेगांमधून पाणी थेट त्याच्या पाठीवर आलं. त्याचं काळीज धडधडू लागलं, पायांत रक्त आलं, आणि आता कुणी थांबवलं असतं तरी तो थांबला नसता. तो माती ढकलत वर आला.

संध्याकाळ होत होती. नगाऱ्याने डोळे उघडले. आजूबाजूला कुणी नव्हतं. तळ्यातला तो एकटाच वर आला होता, सगळ्यांच्या आधी आला होता. खाणीकडून अजून आवाज नव्हता. त्याने गळ्यात हवा भरून घेतली. इतकी वर्षं तो ज्याची वाट बघत होता ती वेळ आली होती. एक हाक दिली की यंदाचा मान तळ्याचा.

पण त्याच्या पायाखाली काहीतरी वेगळं लागत होतं. तळ्यात पाणी नव्हतं. गुरांच्या खुरांच्या खळग्यांत थोडं साचलं होतं, तेवढंच. त्याने मागचा पाय मातीत दाबला. वरचा थर चिखल झाला होता. पायाचं बोट जरा आत गेलं आणि खाली कोरडी माती लागली. ती अजून गरम होती. त्याने वारा बघितला. खऱ्या पावसाचा वारा मावळतीकडून येतो. हा दुसऱ्याच बाजूचा होता आणि तोही पडत चालला होता.

नगाऱ्याला कळलं. गळ्यातली हवा त्याने तशीच धरून ठेवली.

जवळच कोरड्या गोट्यांमध्ये एक टिटवी अंडी उबवत बसली होती. तिने याला बघितलं. टिटवीला गप्प बसवत नाही. ती म्हणाली, आलास का उठून? बाकीचे कुठं आहेत तुझे? त्याने उत्तर दिलं नाही, तेव्हा ती म्हणाली, बरं झालं बाबा, नाहीतर तुमचा गोंधळ सुरू झाला की माझी अंडीसुद्धा कानावर हात ठेवतात.

तेवढ्यात खाणीकडून हाक आली. म्होरक्याचा आवाज होता. पहिली हाक गेली. त्यामागून दुसरी आली, मग दोन-चार आवाज मिसळले आणि मग सगळी खाण गाऊ लागली. दगडाच्या भिंतींमुळे तो आवाज दुप्पट होऊन येत होता. म्होरक्या मधेच थांबला आणि तळ्याच्या दिशेने ओरडला, "काय हो तळेकर? यंदा गळा जमिनीतच ठेवलात वाटतं?"

खाणीत हशा झाला.

टिटवीने मान वाकडी करून नगाऱ्याकडे बघितलं. "देत का नाहीस उत्तर?" ती म्हणाली. "तुझा आवाज त्याच्यापेक्षा मोठा आहे हे मलासुद्धा माहीत आहे."

उत्तर तोंडात तयार होतं. त्याला फक्त तोंड उघडायचं होतं. पण त्याच्या पायाखाली आत्या होती. रिकाम्या पोटाच्या बेडक्या होत्या, पिल्लं होती. ती सगळी एका हाकेच्या अंतरावर होती. त्याने हाक दिली असती तर त्यांनी विचार केला नसता. आपला साठा पेटवून ती सगळी वर आली असती, आणि वर काय होतं? खुरांचे खळगे आणि उद्याचं ऊन.

"ती खाली आहेत," तो टिटवीला हळू म्हणाला. "माझ्या आवाजावर उठतात."

टिटवीने आपल्या अंड्यांकडे बघितलं आणि पंख जरा आणखी पसरले.

खाणीतला म्होरक्या पुन्हा ओरडला. मग पुन्हा ओरडला. नगाऱ्याने गळ्यातली हवा हळूच सोडून दिली. आवाज होणार नाही अशी सोडली.

आता त्याला स्वतःचा विचार करायचा होता. एकदाच उठण्यापुरता साठा होता आणि तो त्याने वापरला होता. परत खाली जायचं तर पोटात काहीतरी पाहिजे. सुदैवाने वळीव पडला की वाळवीला पंख फुटतात. बांधाच्या वारुळातून ती वाळवी बाहेर पडत होती, थोडी उडत होती आणि पंख गळून ओल्या मातीवर पडत होती. ही जत्रा फार वेळ टिकत नाही. नगाऱ्याने गायला सुरुवात केली असती तर त्याला ती दिसलीही नसती. गाणाऱ्या बेडकाला खायला सुचत नाही.

तो बांधापाशी गेला आणि खाऊ लागला. खाणीतलं गाणं ऐकत, टोमणे ऐकत तो खात राहिला. कुणी बघितलं असतं तर म्हटलं असतं, बघा, एवढा मोठा गायक आणि लोक चिडवताहेत तरी चरत बसलाय. तो खाली मान घालून एकेक वाळवी टिपत राहिला. आतडं आक्रसलेलं होतं, पोटात कळ येत होती, तरी त्याने खाल्लं. जत्रा संपली तेव्हा त्याने तळ्याच्या मधोमध, जिथे माती अजून ओली होती तिथे खणायला सुरुवात केली. या वेळी तो थांबला नाही. पाय दुखायला लागले तरी थांबला नाही. शेवटी पोटाला गारवा लागला. त्याने डोळे मिटले.

दुसऱ्या दिवशी आभाळ मोकळं होतं. ऊन असं पडलं की जणू काल काही झालंच नव्हतं. तळ्यातले खळगे लगेच आटले. खाणीतलं डबकं थोडं टिकलं, म्हणून तिथले बेडूक आणखी गायले. त्यांनी त्या पाण्यात अंडी घातली. मग तेही पाणी आटलं. अंडी दगडाला चिकटून वाळली. खाणीतल्या बेडकांनी परत जमिनीत जायचं ठरवलं तेव्हा मुरूम वाळून घट्ट झाला होता. पाय आत जाईनात. पोटातला साठा गाण्यात, नाचण्यात आणि अंड्यांत संपला होता. म्होरक्या शेवटपर्यंत म्हणत होता की उद्या पुन्हा पाऊस येईल. पाऊस आला नाही.

खरा पाऊस त्याच्या वेळेवरच आला. आधी मावळतीचा वारा आला, मग सर पडत राहिली, ओढा वाहू लागला आणि तळ्यात पाणी शिरलं. ओल खाली खाली गेली. आत्याच्या पोटाला लागली तेव्हा ती जरा थांबली, ओल वाढते आहे हे तिने बघितलं आणि मग उठली. एकामागून एक सगळे वर आले. एकही कमी नव्हता.

पण तळं गप्प होतं. सगळे नगाऱ्याची वाट बघत होते.

नगाऱ्या सगळ्यांत शेवटी वर आला. त्याला बघून सगळे बाजूला झाले. तो इतका वाळला होता की कातडी अंगावर सैल पडली होती. तो नेहमीच्या जागेवर गेला, त्याने गळ्यात हवा भरायचा प्रयत्न केला. गळा थोडा फुगला आणि बसला. त्याने पुन्हा केला. पुन्हा बसला. आवाज आला नाही.

कुणीतरी मागे कुजबुजलं की आत्याने सांगूनही याने खोल खणलं नसणार. दुसरा म्हणाला, मागच्या वर्षी सगळा आवाज खाणीला देऊन टाकला, आता आम्हाला काय उरणार? नगाऱ्याने ते ऐकलं. चैत्रातली गोष्ट सांगितली असती तर सगळे गप्प झाले असते. पण ती सांगायची तर उथळ खणल्याचंही सांगावं लागलं असतं, आणि शिवाय आपण केलेलं आपणच सांगत बसायचं त्याला जमेना. त्याने शेजारच्या एका दणकट बेडकाला मानेने खूण केली.

"तू धर," तो म्हणाला.

तो बेडूक बिचकला. मग त्याने हाक दिली. हाक बरी होती, नगाऱ्यासारखी नव्हती. तळं गाऊ लागलं. नगाऱ्या काठाला गवतात जाऊन बसला.

त्या संध्याकाळी खाणीकडून काहीच ऐकू येत नव्हतं. गाता गाता सगळ्यांच्या ते लक्षात आलं. टोमणा नाही, हशा नाही. चुरस जिंकली म्हणून कुणी ओरडलं नाही. त्या बाजूला बघून सगळेच जरा हळू गायले.

मग खाणीच्या बाजूने, ओल्या गवतातून एक बेडकी येताना दिसली. तिच्या मागे आणखी थोड्या बेडक्या होत्या, अगदी थोड्या. त्या तळ्याच्या काठाला आल्या. गाणारे बेडूक सरसावले. बेडकी कुणाजवळ जाणार हे आवाजावरून ठरतं, हे सगळ्या बेडकांना माहीत असतं. प्रत्येकाने गळा ताणला. दणकट बेडकाने तर असा ताणला की तो पाण्यात पडायचा राहिला.

बेडकी त्यांच्यामधून पुढे गेली. एकाजवळही थांबली नाही. ती गवतात बसलेल्या नगाऱ्यासमोर येऊन थांबली.

"तळ्याचा नगाऱ्या तूच ना?" तिने विचारलं.

"हो. पण यंदा माझा आवाज गेलाय," तो म्हणाला. "गाणारे तिकडे आहेत."

गाणं थांबलं. सगळे इकडे बघत होते. आत्या पुढे आली.

बेडकीने आत्याला सगळं सांगितलं. वळीव पडला त्या दिवशी खाण उठली तेव्हा तीही उठली होती. सगळ्यांबरोबर डबक्याकडे निघाली होती. पण खाणीत सगळ्यांना मनातून एक गोष्ट माहीत होती, तळ्याच्या नगाऱ्याचा आवाज म्होरक्यापेक्षा मोठा आहे. म्हणून ती त्याची वाट बघत थांबली. म्होरक्याने टोमणा मारला, उत्तर आलं नाही. तेवढ्यात तळ्यावरची टिटवी, देत का नाहीस उत्तर, असं त्याला मोठ्याने विचारताना ऐकू आली, म्हणजे तो वर आला होता. पुन्हा मारला, तरी आलं नाही. ती विचारात पडली. हा कधी टोमणा ऐकून घेणारा नाही. हा गप्प आहे म्हणजे त्याला काहीतरी दिसलंय. तिने पाय मुरमात दाबला. खाली कोरडं लागलं. तेव्हाच ती परत खणायला लागली. मैत्रिणींना हाका मारल्या, ज्या ऐकणाऱ्या होत्या त्या आल्या. बाकीच्या हसल्या.

मघाशी कुजबुजणारे पाण्याकडे बघू लागले.

आत्या नगाऱ्याजवळ गेली. तिने त्याच्या सैल कातडीकडे बघितलं. "उथळ खणलंस ते तू वर आलास तेव्हाच ओळखलं होतं मी," ती म्हणाली. "पण तू चैत्रात वर होतास, एकटा होतास, आणि मला उठवलं नाहीस, हे मला माहीत नव्हतं."

मग ती सगळ्या तळ्याकडे वळली आणि मोठ्याने म्हणाली, "आपला गायक आहे हा. नीट बघून घ्या."

आणि सगळं तळं बघत राहिलं. त्या वाळक्या, सैल कातडीच्या बेडकाकडे बघताना प्रत्येकाचा ऊर भरून आला होता.

नगाऱ्या संकोचाने गवतात आणखी मागे सरकला. बेडकी त्याच्या शेजारी येऊन बसली.

"मी खरंच गाऊ शकणार नाही यंदा," तो तिला हळूच म्हणाला. "तू आवाज ऐकून आली असशील तर..."

"ऐकूनच आले," ती म्हणाली. "त्या संध्याकाळी सगळी खाण ओरडत होती, आणि मला फक्त तू ऐकू येत होतास."

तात्पर्य: ज्याच्या एका हाकेवर सगळे उठतात, त्याने हाक देण्याआधी पायाखालची माती बघावी, आणि माती कोरडी असेल तर गप्प राहण्यात कमीपणा मानू नये.